बोळक्या मुखाला नवे दात : संपूर्ण दंतरोपणाचा खर्च आणि लाभ

वृद्धापकाळी दात पडणे ही आपल्याकडे निसर्गाची रीतच मानली जाते. डोळ्यांना कमी दिसू लागले तर चष्मा आणला जातो, मोतीबिंदू पिकला तर शस्त्रक्रिया करून घेतली जाते. परंतु दात गेले तर भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून खावी, एवढ्यावरच विषय संपतो. वस्तुतः दात केवळ वयामुळे पडत नाहीत. दातांची कीड आणि हिरड्यांचे विकार यांकडे वर्षानुवर्षे झालेल्या दुर्लक्षाचा तो परिणाम असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालातील अंदाजानुसार, जगातील ६० वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींपैकी सुमारे २३ टक्के व्यक्तींच्या तोंडात एकही नैसर्गिक दात उरलेला नाही.

अलीकडे तालुक्याच्या गावीही 'पक्के दात', 'कायमचे दात' अशा पाट्या दिसू लागल्या आहेत. सर्व दात गेलेल्या व्यक्तीला जबड्याच्या हाडात धातूचे खुंट रोवून त्यांवर दातांची संपूर्ण ओळ बसवून देण्याचा हा उपचार आहे. उपचार शास्त्रशुद्ध आहे आणि योग्य व्यक्तीच्या बाबतीत तो अतिशय गुणकारीही ठरतो. तथापि त्याचा खर्च काही लाख रुपयांच्या घरात जातो. त्यासाठी मुदतठेव मोडणे, दागिने गहाण ठेवणे किंवा कर्ज काढणे असे प्रसंग सामान्य कुटुंबावर येऊ शकतात. अशा वेळी सल्ला विचारला जातो तो गावातील शिक्षकाला, ग्रामपंचायत सदस्याला किंवा कुटुंबातील नोकरदाराला. म्हणून या उपचाराचे स्वरूप, त्याचे लाभ आणि त्याचा खरा खर्च यांची माहिती या मंडळींना असणे अगत्याचे आहे.

दात गेल्यावर जबड्यात काय घडते?

दात हा जबड्याच्या हाडात मुळाच्या आधाराने उभा असतो. प्रत्येक घासागणिक त्याच्यावर पडणारा दाब मुळातून हाडाकडे पोहोचतो आणि या दाबामुळेच ते हाड टिकून राहते. दात निघाला की हाडाला काम उरत नाही आणि ते झिजू लागते. ही झीज पहिल्या वर्षात सर्वांत अधिक असते. पुढे तिचा वेग मंदावतो, परंतु ती थांबत नाही. अंत्ये टॅलग्रेन यांनी कवळी वापरणाऱ्या व्यक्तींचे २५ वर्षांपर्यंत निरीक्षण करून १९७२ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत खालच्या जबड्याची झीज वरच्या जबड्याच्या सुमारे चौपट आढळली.

खालची कवळी नेहमी सैल का होते, याचे उत्तर यातच सापडते. वरची कवळी टाळूच्या विस्तृत पृष्ठभागावर चिकटून राहते. खालच्या कवळीला घोड्याच्या नालेसारखी अरुंद कड तेवढी मिळते आणि शेजारी जीभ सतत हालत असते. हाड झिजत गेले की ही कडही सपाट होते. मग कवळी बोलताना उचलली जाते, हिरडीला घासते, जखमा होतात आणि शेवटी ती डबीत किंवा फळीवर पडून राहते. चांगली कवळी वापरणाऱ्याच्या चाव्याचा जोरदेखील नैसर्गिक दातांच्या तुलनेत साधारणतः पाव हिश्श्याइतकाच असतो. भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, काकडी, कडक भाकरी हे पदार्थ ताटातून वजा होतात, त्याचे कारण हेच.

दंतरोपणाचा शोध

ज्याला व्यवहारात इम्प्लांट म्हणतात ते दंतरोपण म्हणजे टायटॅनियम धातूचा, साधारण चार मिलिमीटर जाडीचा आणि सुमारे दहा मिलिमीटर लांबीचा आटे पाडलेला खुंट होय. स्वीडनमधील शास्त्रज्ञ पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे १९५२ साली लुंड येथे सशाच्या हाडातील रक्तप्रवाहाचा अभ्यास करीत होते. त्यासाठी हाडात बसविलेले टायटॅनियमचे उपकरण नंतर काढू गेल्यावर ते निघेना. हाड त्या धातूला घट्ट धरून बसले होते. या निरीक्षणातून पुढील संशोधन उभे राहिले. १९६५ साली गोथेनबर्ग येथे योस्ता लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात चार खुंट बसविण्यात आले. २००६ साली त्यांचे निधन झाले, तोपर्यंत म्हणजे सुमारे ४० वर्षे त्यांनी त्यांवरील दात वापरले. १९८२ साली कॅनडातील टोरांटो येथे भरलेल्या परिषदेनंतर या पद्धतीला जगभर मान्यता मिळाली.

मूळ पद्धतीत खुंट रोवल्यावर हाड त्याला जखडून धरेपर्यंत खालच्या जबड्यात सुमारे तीन महिने आणि वरच्या जबड्यात सुमारे सहा महिने थांबावे लागे. पुढे पोर्तुगालमधील पाउलो मालो यांनी एका जबड्यात चारच खुंट, त्यांपैकी मागचे दोन तिरपे बसवून त्यांवर संपूर्ण ओळ उभी करण्याची रीत विकसित केली. २००३ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिरप्या खुंटांमुळे वरच्या जबड्यातील पोकळी आणि खालच्या जबड्यातील मज्जातंतू टाळता येतात व अनेकदा हाड भरण्याची गरज राहत नाही. हाडाची स्थिती अनुकूल असल्यास या रीतीने त्याच दिवशी किंवा एकदोन दिवसांत दात मिळतात हे खरे. परंतु ते तात्पुरते असतात. खुंट हाडात पुरता रुजेपर्यंत काही महिने मऊ आहारच घ्यावा लागतो आणि पक्के दात त्यानंतर बसतात. 'एका दिवसात दात' या शब्दांचा अर्थ एवढाच समजावा.

एक नव्हे, चार मार्ग

सर्व दात गेलेल्या किंवा जाण्याच्या बेतात असलेल्या व्यक्तीपुढे 'कवळी किंवा संपूर्ण रोपण' असे दोनच पर्याय आहेत, ही समजूत बरोबर नाही. प्रत्यक्षात मार्ग चार आहेत.

पहिला मार्ग साध्या कवळीचा. नीट माप घेऊन केलेली कवळी आजही असंख्य वृद्धांना समाधानाने जेवू घालते. शस्त्रक्रिया नाही, खर्च हजारांत आणि दुरुस्ती सुलभ. हाड झिजेल तसे तिला आतून अस्तर देऊन घ्यावे लागते.

दुसरा मार्ग उरलेली मुळे राखण्याचा. खालच्या जबड्यात दोन सुळे शिल्लक असतील आणि त्यांच्या मुळांना पुरेसा आधार असेल, तर ते उपटण्याऐवजी हिरडीच्या पातळीपर्यंत कमी करून, मुळांवर उपचार करून त्यांवर कवळी बसविता येते. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, अशा मुळांवर कवळी बसविलेल्या व्यक्तींच्या खालच्या जबड्याच्या पुढील भागातील हाड पाच वर्षांत सरासरी ०.६ मिलिमीटर झिजले. सर्व दात काढून साधी कवळी बसविलेल्यांत ही झीज ५.२ मिलिमीटर होती. थोडक्या खर्चात हाड वाचविणारा हा मार्ग फार थोड्यांना ठाऊक असतो.

तिसरा मार्ग दोन खुंटांवरील कवळीचा. खालच्या जबड्याच्या पुढील भागात दोन खुंट रोवून कवळीला आतून बटणासारखी पकड दिली जाते. कवळी रात्री काढता येते, पण जेवताना व बोलताना हालत नाही. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात २००२ साली जमलेल्या तज्ज्ञांनी, दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी साध्या कवळीऐवजी हाच पहिला पर्याय मानावा, असे एकमताने सुचविले. इंग्लंडमधील यॉर्क येथे २००९ साली या मताला दुजोरा मिळाला.

चौथा मार्ग स्थिर दातांचा. प्रत्येक जबड्यात चार ते सहा खुंट रोवून त्यांवर दातांची अखंड ओळ स्क्रूने घट्ट बसविली जाते. ती रुग्णाला काढता येत नाही. 'संपूर्ण दंतरोपण' म्हणतात ते हेच.

लाभ कोणते आणि किती?

स्थिर दातांमुळे चावण्याची शक्ती पुष्कळ अंशी परत येते. वरच्या कवळीने झाकलेली टाळू मोकळी होते, त्यामुळे अन्नाचा स्पर्श व स्वाद अधिक चांगला कळतो. बोलताना दात निसटण्याची धास्ती राहत नाही. खुंटांभोवतीच्या हाडाला पुन्हा काम मिळाल्याने तेथील झीज मंदावते. चारचौघांत हसणे, पंक्तीला बसणे, सभेत बोलणे यांतील संकोच दूर होतो. या लाभाची किंमत पैशात करता येत नाही. रोपणे टिकतातही चांगली. निरोगी व्यक्तीत योग्य रीतीने बसविलेल्या शंभर खुंटांपैकी नव्वदांहून अधिक खुंट दहा वर्षांनंतरही जागेवर असतात, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे.

तथापि काही मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. खुंट जागेवर राहिला म्हणजे वरचे दात अभंग राहिले, असे नव्हे. दाताचा टवका उडणे, स्क्रू सैल होणे, पकडीतील रबरी किंवा नायलॉनच्या कड्या झिजणे या गोष्टी कालांतराने घडतात आणि त्यांची दुरुस्ती करावी लागते. खुंटाला कीड लागत नाही, परंतु भोवती घाण साचली तर हिरडी सुजते, पू होतो आणि हाड खाल्ले जाऊन खुंट सैल होतो. शिवाय चावता येऊ लागले म्हणून आहार आपोआप सुधारतो, असेही नाही. वर्षानुवर्षे मऊ अन्नाची सवय झालेली व्यक्ती नवे दात आल्यावरही तेच खात राहते. पालेभाज्या, कडधान्ये, फळे, शेंगदाणे पुन्हा ताटात येतील याकडे कुटुंबाने मुद्दाम लक्ष दिले, तरच केलेल्या खर्चाचे आरोग्याच्या दृष्टीने चीज होते.

खर्चाचा खरा हिशेब

दंतरोपणाचे दर शहर, साहित्य, खुंटांची संख्या आणि जबड्याची स्थिती यांनुसार बदलतात. सांगितली जाणारी रक्कम पुष्कळदा फक्त खुंटांची असते. प्रत्यक्षात तपासणी व त्रिमितीय क्ष-किरण छायाचित्र, उरलेले दात काढणे, आवश्यक तेथे हाड भरणे, खुंट, तात्पुरते दात, पक्के दात, पुढील तपासण्या आणि शहरात वारंवार जाण्याचा प्रवासखर्च व बुडालेली मजुरी हे सर्व मिळून खर्च होतो. त्यानंतर दरवर्षीची देखभाल असते. ती न केल्यास पहिला सारा खर्च वाया जाऊ शकतो.

म्हणून हिशेब पहिल्या दिवसाचा न करता किमान १५ वर्षांचा करावा. पद्धत समजण्यासाठी काही रकमा गृहीत धरू. हे दरपत्रक नव्हे; प्रत्यक्ष रकमा ज्याने त्याने विचारून भराव्यात.

साध्या कवळीची जोडी २०,००० रुपयांना पडली, मध्यंतरी ती एकदा नवी करावी लागली आणि अस्तर व दुरुस्तीला १०,००० रुपये लागले, तर १५ वर्षांत ५०,००० रुपये होतात. म्हणजे महिन्याला सुमारे २८० रुपये.

खाली दोन खुंटांवरील कवळी व वर साधी कवळी यांस प्रारंभी ९०,००० रुपये, मध्यंतरी कवळ्या नव्या करण्यास २०,००० रुपये आणि देखभालीस दरसाल ३,००० रुपये धरले, तर एकूण १,५५,००० रुपये होतात. म्हणजे महिन्याला सुमारे ८६० रुपये.

दोन्ही जबड्यांत स्थिर दात बसविण्यास ५,००,००० रुपये, देखभालीस दरसाल ८,००० रुपये आणि एक मोठी दुरुस्ती ८०,००० रुपयांची धरली, तर एकूण ७,००,००० रुपये होतात. म्हणजे महिन्याला सुमारे ३,९०० रुपये.

या तुलनेवरून एक गोष्ट स्पष्ट होते. खालची हालणारी कवळी ही वृद्धांची सर्वांत मोठी तक्रार असते आणि ती दूर होते दोनच खुंटांनी. पहिल्या पायरीवरून दुसरीवर जाताना थोड्या वाढीव खर्चात मोठा लाभ मिळतो. दुसरीवरून शेवटच्या पायरीवर जाताना लाभ मिळतो, पण त्याची किंमत कितीतरी अधिक मोजावी लागते. ज्यांना ती सहज परवडते त्यांनी स्थिर दात अवश्य घ्यावेत. परंतु ज्यांना त्यासाठी जमीन किंवा दागिने मोडावे लागतील, त्यांनी अधली पायरी आधी पाहावी. कर्जाचे हप्ते भरताना देखभालीला पैसा उरत नसेल, तर असे दात घेणे हिताचे नव्हे. आरोग्य विम्यातही अपघाती इजा वगळता दंतोपचार बहुधा समाविष्ट नसतात. विम्याच्या अटी आधी वाचाव्यात.

कोणी विशेष काळजी घ्यावी?

केवळ वय अधिक म्हणून रोपण वर्ज्य ठरत नाही. मधुमेह असल्यास तो आटोक्यात आणूनच शस्त्रक्रिया करावी. हाडांच्या ठिसूळपणावरील काही औषधे, तसेच डोके किंवा मानेच्या कर्करोगासाठी घेतलेले किरणोपचार यांचा जबड्याच्या हाडावर परिणाम होतो. त्यांची माहिती दंतवैद्यास प्रारंभीच द्यावी. धूम्रपान करणाऱ्यांत रोपण निकामी होण्याचे प्रमाण अधिक असते. मिश्री, तंबाखू आणि गुटखा यांनी हिरड्या आधीच खराब केलेल्या असतात. ती सवय न सोडता नवे दात बसविणे म्हणजे गळक्या छपराखाली नवे धान्य साठविण्यासारखे आहे. हात थरथरणाऱ्या किंवा दृष्टी अधू झालेल्या वृद्धांना स्थिर दातांखालची सफाई जमत नाही. त्यांना काढता येणारी कवळीच सोयीची पडते.

आणखी एक सावधगिरी महत्त्वाची आहे. काही चांगले दात शिल्लक असताना 'सर्वच काढून नवे बसवू' असे सुचविले गेले, तर दुसऱ्या दंतवैद्याचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये. काढलेला दात परत येत नाही.

होकारापूर्वी विचारावयाचे प्रश्न

१. दंतवैद्याची राज्य दंत परिषदेकडे नोंदणी आहे काय? खुंट कोण रोवणार आणि दात कोण बसविणार?
२. एकूण खर्चाचे बाबवार लेखी अंदाजपत्रक मिळेल काय? त्यात पक्के दात धरले आहेत काय?
३. एका जबड्यात किती खुंट, कोणत्या कंपनीचे? त्यांची नोंद असलेले कार्ड रुग्णास मिळेल काय? (पुढे दुसरीकडे दुरुस्तीची वेळ आल्यास ही नोंद अत्यावश्यक असते.)
४. हमी कशाची, खुंटाची की वरच्या दातांची? किती वर्षांची आणि कोणत्या अटींवर?
५. वर्षातून किती वेळा तपासणीस यावे लागेल व दर वेळी काय खर्च येईल?
६. एखादा खुंट रुजला नाही, तर पुढे काय आणि खर्च कोणाचा?
७. कमी खर्चाचा कोणता पर्याय शक्य आहे?

या प्रश्नांची उत्तरे शांतपणे व लेखी मिळत असतील, तर तेथे उपचार घेण्यास हरकत नाही. 'आजच पैसे भरा, सवलत उद्या संपेल' असे उत्तर मिळाले, तर घरी परतणे श्रेयस्कर.

शासकीय सोयी आणि गावाचे कर्तव्य

मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत आणि मुंबई महानगरपालिकेच्या नायर रुग्णालयाच्या दंत महाविद्यालयात खाजगी दवाखान्यांच्या मानाने अल्प शुल्कात कवळी व अन्य उपचार मिळू शकतात. रोपणाची सोय व साहित्याचा खर्च यांची चौकशी तेथे प्रत्यक्ष करावी. अनेक ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांतही दंतचिकित्सक असतात. पहिला सल्ला तेथेच घेता येतो. केंद्र शासनाने २०१४-१५ मध्ये राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम सुरू केला. २०१७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत, अल्प उत्पन्न गटातील पात्र ज्येष्ठ नागरिकांना द्यावयाच्या साहित्यात चष्मा, श्रवणयंत्र, काठी यांबरोबर कृत्रिम कवळीचाही समावेश आहे. ही बाब पुष्कळ गावांत माहीतच नसते. ग्रामपंचायतीने दात नसलेल्या ज्येष्ठांची यादी करून तालुक्यात तपासणी शिबिर केव्हा आहे याची चौकशी केली, तर शासनाच्या या तरतुदीचा लाभ खऱ्या गरजूंपर्यंत पोहोचेल.

ज्यांच्याकडे कवळी आहे त्यांना तिची निगा शिकविणेही तितकेच उपयुक्त आहे. कवळी रात्री काढून स्वच्छ पाण्यात ठेवावी, मऊ ब्रश व साबणाच्या पाण्याने धुवावी, उकळत्या पाण्यात घालू नये आणि टोचू लागल्यास घरी कानशीने न घासता दंतवैद्याकडे न्यावी. एवढ्याने कवळीचे आयुष्य वाढते आणि तोंडातील जखमाही टळतात.

सर्वांत स्वस्त दात मात्र तोच, जो निसर्गाने दिला आणि माणसाने राखला. दिवसातून दोनदा फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासणे, मिश्री व तंबाखूपासून दूर राहणे, गोड चिकट खाऊवर मर्यादा ठेवणे आणि हिरडीतून रक्त येताच दंतवैद्याकडे जाणे यांसाठी लाखांची गरज नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या शालेय तपासणीत दातांची कीडही पाहिली जाते. त्या तपासणीत कीड आढळलेले मूल पुढे उपचारासाठी प्रत्यक्ष नेले गेले किंवा नाही, याची विचारणा शिक्षकांनी पालकांकडे केली, तर त्या मुलाच्या म्हातारपणाची तरतूद आजच झाली असे म्हणता येईल.

संपूर्ण दंतरोपण ही वैद्यकशास्त्राची मोठी देणगी आहे. ती स्वीकारावी, पण जाहिरात पाहून नव्हे, तर हिशेब मांडून. घरातील वडीलधाऱ्या माणसाला घास चावता यावा, हे साध्य आहे. ते कधी साध्या कवळीने, कधी राखलेल्या दोन मुळांनी, कधी दोन खुंटांनी आणि कधी संपूर्ण रोपणाने साधते. कोणत्या व्यक्तीला यांतील काय योग्य, हे तिच्या जबड्याची स्थिती, तिची निगा राखण्याची शक्ती आणि कुटुंबाची ऐपत या तिन्ही गोष्टी एकत्र पाहूनच ठरविणे हितावह होय.